भारतीय सिनेमाला आवाज देणारा पुणेकर, ज्याचा ‘आलम आरा’ आज कुणालाच ऐकता येत नाही

१४ मार्च १९३१. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमाबाहेर इतकी गर्दी लोटली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना जात होतं. पडद्यावरची माणसं बोलतात, गातात, हे स्वतःच्या कानांनी ऐकायला मुंबई जमली होती. सिनेमा होता ‘आलम आरा’, भारतातला पहिला बोलपट. तो काढणारे होते अर्देशिर इराणी.

इराणींचा जन्म ५ डिसेंबर १८८६ चा, पुण्यातला. सुरुवातीला त्यांनी शिक्षक म्हणून आणि नंतर केरोसीन इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. मग ते वडिलांच्या धंद्यात आले. हा धंदा होता फोनोग्राफ आणि वाद्यांचा. यंत्रातून येणाऱ्या आवाजासाठी लोक खिशात हात घालतात, हे त्यांनी सिनेमात येण्याआधीच पाहिलं होतं.

पुढे ते अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीचे भारतातले प्रतिनिधी झाले, भागीदारीत थिएटर चालवू लागले, मूकपट काढू लागले आणि इम्पीरियल फिल्म कंपनीचे मालक बनले. त्याच सुमारास त्यांनी मुंबईच्या एक्सेल्सियर थिएटरात ‘शो बोट’ हा अमेरिकन बोलपट पाहिला आणि आपणही असा सिनेमा करायचाच, असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, करणं महाकठीण. कलकत्त्याची मादन थिएटर्सही याच शर्यतीत होती, त्यामुळे शूटिंगबद्दल कमालीची गुप्तता पाळली गेली. आवाज टिपण्यासाठी ‘टॅनार’ नावाचं यंत्र मागवलं होतं. ते बसवायला विल्फर्ड डेमिंग हा परदेशी तंत्रज्ञ आला. त्याचा मोबदला होता दिवसाला १०० रुपये. एवढा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी काम शिकून घेतलं आणि रेकॉर्डिंग स्वतःच सुरू केलं.

या यंत्राची खोड अशी की चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटायचे. आवाज नंतर वेगळा भरायची सोय नव्हती. गाण्यात तबला चुकला, तर नटाचा उत्तम शॉटही वाया. त्यात स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. म्हणून बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर, साधारण एक ते चारच्या दरम्यान चालायचं. माइक कॅमेऱ्याला दिसू नयेत असे लपवावे लागत आणि वादकांनाही कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून साथ करावी लागे.

अशा परिस्थितीतही इराणींनी सिनेमात सात गाणी ठेवली. ‘आलम आरा’ जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी नाटकावर बेतलेला होता आणि गाण्याशिवाय नाटक ही कल्पनाच तेव्हाच्या प्रेक्षकाला मानवणारी नव्हती. सिनेमा बोलू लागला तोच गात. फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खान यांनी गायलेलं गाणं हिंदी सिनेमाचं पहिलं गाणं मानलं जातं. तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या नटालाच गावं लागे. या सक्तीतून सुटका झाली ती १९३५ साली, ‘धूप छांव’मधून पार्श्वगायन आल्यावर.

वाट मोकळी झाली तसे सगळे या वाटेने निघाले. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि मराठी सिनेमाही बोलू लागला. इराणीही थांबले नाहीत. ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट, ‘दुख्तर-ए-लोर’ हा पहिला फारसी बोलपट आणि १९३७ चा ‘किसान कन्या’ हा भारतातच रंगवलेला पहिला रंगीत सिनेमा, तिन्ही त्यांच्याच इम्पीरियलचे.

१४ ऑक्टोबर १९६९ रोजी इराणी गेले. तोवर ‘आलम आरा’ही हरवला होता.

हा सिनेमा २००३ साली पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आगीत जळाला, असं अनेकदा सांगितलं जातं. पण ते खरं नाही. संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. ते उभारणारे पी. के. नायर ‘आलम आरा’च्या शोधात खुद्द इराणींपर्यंत पोहोचले होते. रिळं कुठेतरी असतील, असं इराणींना वाटत होतं. प्रत्यक्षात ती कधीच निकालात निघाली होती. जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो. ती काढून घेण्यासाठी रिळं विकली गेली होती, असं नायर यांना कळलं. संग्रहालयात ‘आलम आरा’ची प्रत कधी आलीच नाही, हे त्यांनी वारंवार स्पष्ट केलं.

आज या सिनेमाची काही छायाचित्रं आणि जाहिरातीची पुस्तिका तेवढी उरली आहे. ज्या आवाजासाठी इराणींनी रात्री जागवल्या, त्यातला एक शब्दही शिल्लक नाही. भारताचा पहिला बोलपट पुन्हा मुका झाला आहे.