धातूंचे कोडे अर्धे सोडवणारा ड्रूडे

तांब्याच्या तारेतून वीज सहज वाहते आणि तांब्याचे भांडे चटकन तापते. लाकडाला यातले एकही जमत नाही. धातूंमध्ये वीज आणि उष्णता यांची अशी जोडी का जमते? याचे पहिले पटण्याजोगे उत्तर १९०० साली पाउल ड्रूडे या जर्मन शास्त्रज्ञाने दिले.

ड्रूडे यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी ब्राउनश्वाइग येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. ग्यॉटिंगेन विद्यापीठात ते गणिताकडून भौतिकशास्त्राकडे वळले. प्रकाश हा त्यांचा खास विषय. प्रकाशाच्या वेगासाठी आज जगभर वापरले जाणारे ‘सी’ हे अक्षर रूढ होण्यात त्यांचा वाटा आहे. १८९४ मध्ये ते लाइपझिगला प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. तीनच वर्षांत ड्रूडे यांनी मांडले, की धातूतले काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूला बांधलेले नसतात. ते वायूच्या कणांसारखे मोकळे फिरतात आणि अणूंवर आदळत राहतात. तार बॅटरीला जोडली की ते एका दिशेने सरकतात, ती झाली वीज. तापलेल्या टोकाकडची ऊर्जाही तेच गार टोकाकडे नेतात. दोन्हींचा वाहक एकच! उष्णता आणि वीज वाहून नेण्याच्या क्षमतांचे गुणोत्तर बहुतेक धातूंत सारखेच का येते, हे १८५३ पासूनचे कोडे यातून उलगडले. आकडेही प्रयोगांच्या जवळपास आले.

एक हिशेब मात्र जुळेना. इलेक्ट्रॉन वायूसारखे असतील, तर धातू तापवताना त्यांनीही भरपूर उष्णता शोषायला हवी. प्रत्यक्षात त्यांचा वाटा नगण्य दिसत होता.

इकडे ड्रूडे यांची वाटचाल जोरात होती. १९०० पासून ते ‘आनालेन देर फिजिक’ या नामांकित नियतकालिकाचे संपादक होते. आइन्स्टाइन यांचे १९०५ चे गाजलेले लेख त्यांच्याच कारकिर्दीत छापले गेले. त्याच वर्षी ते बर्लिन विद्यापीठातील भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. १९०६ मध्ये प्रशियन विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. तेथील पहिल्या व्याख्यानानंतर काही दिवसांतच, ५ जुलै रोजी, ड्रूडे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्रेचाळिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. मागे पत्नी आणि चार मुले राहिली.

उरलेले कोडे १९२७ मध्ये आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी सोडवले. पुंज सिद्धांतानुसार ऊर्जेच्या एका पायरीवर दोनच इलेक्ट्रॉन मावतात. भरलेल्या चाळीची कल्पना करा. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला हलायला खोलीच रिकामी नाही. फक्त सर्वांत वरच्यांनाच आणखी वर जागा मिळते. म्हणून नेहमीच्या तापमानाला शंभरातला जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन उष्णता घेतो. मग ड्रूडे यांचे आकडे जुळले कसे? त्यांनी इलेक्ट्रॉनची उष्णता घेण्याची क्षमता सुमारे शंभरपट जास्त धरली होती आणि वेगाचा वर्ग जवळपास तितकाच कमी. गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या. मोकळ्या इलेक्ट्रॉनची मूळ कल्पना मात्र टिकली. आजही धातूंचा अभ्यास ड्रूडे यांच्यापासूनच सुरू होतो.

ही दुरुस्ती झाली तेव्हा ड्रूडे ६४ वर्षांचे असते. पद, मान, भरलेले घर हे काही मन निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. वरवर सगळे छान चाललेल्या माणसाचीही झोप उडाली, तो गप्प झाला, जगणे नको म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. नैराश्यावर उपचार आहेत. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी रात्रंदिवस सुरू असतो.