३ मे आणि आपल्या नाशिकचे दादासाहेब फाळके

३ मे रोजी आपण प्रेषित संत फिलिप आणि संत याकोब यांचा सण साजरा करतो. फिलिपने प्रभू येशूजवळ पित्याला पाहण्याची इच्छा व्यक्त केली होती, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. १९६० पर्यंत याच तारखेला पवित्र क्रुसाच्या शोधाचा सण असे. याच तारखेला १९१३ साली मुंबईत, गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट सर्वसामान्य लोकांनी प्रथम पाहिला. तो तयार करणारे दादासाहेब फाळके आपल्या नाशिक जिल्ह्याचे. आज त्यांची ओळख करून घेऊ.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. पहिली पत्नी आणि मूल त्यांनी अकाली गमावले. पुढे छापखान्यात भागीदारांशी पटले नाही, म्हणून तोही सोडला. वय चाळिशीचे, पदरी संसार आणि हाताला काम नाही, अशी अवस्था झाली.

अशा दिवसांत गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. पडद्यावर येशूचे चरित्र सरकत होते आणि फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथाही अशाच दिसल्या पाहिजेत, हा ध्यास त्यांनी घेतला.

ही हकीकत सांगताना आम्हा ख्रिस्ती लोकांना अभिमान वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण फाळके त्या चित्रपटामुळे ख्रिस्ती झाले नाहीत, आपल्याच श्रद्धेच्या कथांकडे वळले. तेव्हा ही गोष्ट आपल्या मोठेपणासाठी न सांगता, एकाच्या श्रद्धेची कथा दुसऱ्याला कशी जागे करते, हे ओळखण्यासाठी सांगावी.

एका दिवशी सुचलेली गोष्ट तडीस न्यायला मात्र सारे घर खपले. सतत चित्रपट पाहून फाळक्यांचे डोळे अधू झाले, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. उपचारांनी ते बरे झाले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे तंत्र शिकले आणि कॅमेरा खरेदी करून परतले. नंतर सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. दादरच्या घरी चित्रीकरण चाले. सर्व मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, फिल्मला भोके पाडत आणि ती धुण्याच्या कामातही हात देत. स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके या तरुणाने केली. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक पाहुण्यांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी तो सर्वांसाठी खुला झाला.

त्यानंतर फाळक्यांनी आपले काम नाशिकला आणले. १९१७ चे ‘लंकादहन’ खूप गाजले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. मात्र १९१८ साली येथे निघालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत मतभेद झाले. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचा काळ संपला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. तो मान पाहायला ते नव्हते.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. मुलांना घेऊन आपण तेथे जातो. पुढच्या वेळी त्यांना सरस्वतीबाईंचेही नाव सांगू या. आपल्या घरातही कुणाच्या तरी स्वप्नासाठी कुणीतरी उन्हात चादर धरून उभे असते. त्या व्यक्तीचे आभार मानायला आपण ३ मे पर्यंत थांबू नये.