नादशास्त्रज्ञाची दृष्टी

शिष्यांना उपस्वर समजावताना मला हेल्महोल्ट्झचे नाव घ्यावेच लागते. नादावरचा त्याचा ग्रंथ १८६३ सालचा. पण त्याआधीच त्याने डोळ्यांवर केवढे उपकार केले होते, हे आम्हां गाणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते.

हेल्महोल्ट्झ १८२१ मध्ये पॉट्सडॅमला एका शिक्षकाच्या घरी जन्मला. ओढा पदार्थविज्ञानाचा, ऐपत बेताची. म्हणून लष्करी चाकरीच्या अटीवर तो सरकारी खर्चाने वैद्यक शिकला. पुढे तो कोनिग्जबर्गला अध्यापक झाला.

बाहेरून निर्मळ दिसणारा डोळा आंधळा झाला, तर त्या काळी वैद्य निरुत्तर होत. डोळ्यात गेलेला उजेड आल्या वाटेनेच परततो आणि पाहू जावे तर आपलेच डोके दिव्याच्या आड येते. हेल्महोल्ट्झने तिरप्या काचेवरून दिव्याचा उजेड डोळ्यात सोडला व त्याच काचेतून आत पाहिले. १८५० साली जिवंत माणसाच्या दृष्टिमज्जातंतूचे टोक असे स्पष्ट दिसले. मेंदूतल्या गाठीमुळे ते सुजते, हे ग्रेफेने १८६० मध्ये दाखविले.

हेल्महोल्ट्झ १८९४ मध्ये वारला. आज चुंबकीय यंत्रे दृष्टीची वाट थेट मेंदूपर्यंत दाखवितात. तरी डॉक्टर आधी त्याच्याच युक्तीने डोळ्यात डोकावतो.