वसतिगृहे उभारणारा राजा

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहाच, असा आग्रह संपादक मंडळींनी केला, तेव्हा मी मुलाच्या पुण्यातील प्रवेशाच्या धावपळीत होतो. फीची सोय झाली होती. पण खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि मेस यांचा हिशेब मांडला, तर तो आकडा फीच्याही पुढे गेला. तेव्हा मला माझे कोल्हापूरचे दिवस आठवले. शेतकऱ्याचा मुलगा असून मी डिप्लोमा पुरा करू शकलो, कारण दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात मला परवडेल अशी जागा मिळाली. कोल्हापुरात बोर्डिंगांची ही परंपरा ज्या राजाने रुजवली, त्या राजर्षी शाहू महाराजांविषयी चार शब्द लिहितो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढे राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. म्हणजे घरापासून दूर राहून शिकणे काय असते, हे त्यांना ठाऊक होते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. आपल्या रेल्वेतील मंडळींना तर ते वेगळ्या कारणानेही परिचित आहेत. कोल्हापूरच्या स्टेशनला आज त्यांचेच नाव आहे.

त्या काळी वरच्या वर्गांचे शिक्षण शहरात होते आणि बहुजनांची मुले खेड्यात. फी माफ केली तरी मुलाने राहायचे कोठे आणि जेवायचे काय? १८९६ साली महाराजांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण थोड्याच वर्षांत तेथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागून जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पद्धत साधी होती. दरबाराने जागा, इमारत किंवा अनुदान द्यायचे आणि समाजातील जाणत्यांनी कारभार पाहायचा.

जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद पक्का होईल, हा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण जाती मोडेपर्यंत वाट पाहिली असती, तर एक अख्खी पिढी शाळेबाहेर राहिली असती, असे मला वाटते. १९०२ साली महाराजांनी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. शाळा, निवास आणि नोकरी यांपैकी एक जरी दुवा तुटला असता, तरी गाडी पुढे गेली नसती.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. पण काम थांबले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवले आणि त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. कोल्हापुरात १८९६ साली जे साधले नाही, ते तेथे साधले.

मित्रहो, आपल्या बिलासपुरातही दरवर्षी बाहेरगावची मुले शिकायला येतात. सरकारी वसतिगृहे सगळ्यांना पुरत नाहीत. उत्सवाच्या शिलकीतून दोन गरजू मुलांच्या खोलीभाड्याचा भार मंडळाला उचलता आला, तर राजर्षींना ते खरे अभिवादन ठरेल. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. आपण सर्वांनी साथ द्यावी, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!