तारेच्या पोटातले पोलाद

पुण्याहून मुंबईला जाताना गाडी घाट उतरू लागली, की दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेल्या विजेच्या तारा दिसतात. एवढ्या लांबीची तार स्वतःच्या वजनाने तुटत कशी नाही, असे कोडे मला लहानपणापासून होते. तारा तांब्याच्या असतात, ही माझी आणखी एक ठाम समजूत. बँकेच्या नोकरीत तालुक्याच्या गावी असताना वीज मंडळातल्या एका खातेदाराने दोन्ही कोडी सोडवली. त्याच्या बोलण्यात रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस अशी नावे यायची. मला वाटले, गृहस्थ शिकारी दिसतात! ती निघाली तारांच्या जाडीची इंग्रजांच्या वेळची सांकेतिक नावे. चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीवरच्या ‘मूस’ तारेत ॲल्युमिनियमचे ५४ पदर असतात आणि त्यांच्या पोटात पोलादाचे ७. वीज वाहायची ती ॲल्युमिनियमने. ताण सोसण्याचे मोठे काम मात्र आतल्या पोलादाचे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

हे ॲल्युमिनियम ज्याने जगाला स्वस्त करून दिले, त्या चार्ल्स मार्टिन हॉलचे चरित्र पुढे वाचनात आले, तेव्हा मला ती तार आठवली.

हॉलचा जन्म ६ डिसेंबर १८६३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक, घरात मुले बरीच, पैसा बेताचा. चार्ल्स दहा वर्षांचा असताना कुटुंब ओबर्लिन या गावी राहायला आले. मुलामुलींना एकत्र शिकवणारे कॉलेज तिथे होते. चार्ल्सची थोरली बहीण जूलिया आधी तिथे शिकली, रसायनशास्त्राचे पाठही तिने घेतले. मग चार्ल्स दाखल झाला. त्याला शिकवणारे प्राध्यापक फ्रँक जूएट युरोपात राहून आलेले होते. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची युक्ती ज्याला सापडेल, त्याचे भाग्य उजळेल आणि जगाचेही कल्याण होईल, असे त्यांनी एकदा वर्गात सांगितले. चार्ल्सने ते मनावर घेतले.

आज ज्या धातूची पातेली आपण भंगारात देऊन टाकतो, तो त्या काळी मोलाचा जिन्नस होता. खरे तर ॲल्युमिनियम मातीत मुबलक आहे, पण ऑक्सिजनला इतके घट्ट चिकटलेले की सुटता सुटत नाही. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ साली बसवलेला छोटा पिरॅमिड ॲल्युमिनियमचा होता. वजन तीन किलोंच्याही आत, पण केवढे त्याचे अप्रूप! गंमत अशी, की तो बसवला त्या ६ डिसेंबरला हॉलचा एकविसावा वाढदिवस होता.

१८८५ साली हॉल पदवीधर झाला. त्याच वर्षी आई गेली. तिच्या आजारपणापासूनच घराचा भार जूलियावर होता. घराला लागून असलेल्या लाकडे ठेवण्याच्या खोपटात चार्ल्सने भट्टी मांडली, विजेसाठी बॅटऱ्या स्वतःच जुळवल्या. काही साहित्य जूएट सरांनी दिले. क्रायोलाइट नावाचे खनिज वितळवून त्यात ॲल्युमिनियमची भुकटी, म्हणजे त्याचे ऑक्साइड, विरघळवायचे आणि त्यातून वीज सोडायची, अशी त्याची कल्पना. पहिल्या प्रयत्नांत मातीच्या मुशीतली वाळूच रसात उतरून घोटाळा करू लागली. मग त्याने मुशीला आतून कार्बनचे अस्तर दिले. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी तळाशी चंदेरी गोळ्या मिळाल्या. तो होता बावीस वर्षांचा.

या सगळ्यात जूलियाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी तिला सहसंशोधक मानतात, कुणी मानत नाहीत. पण एक गोष्ट वादातीत आहे. हॉलने ९ जुलै १८८६ रोजी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, तेव्हा फ्रान्समधल्या पॉल एरू या तरुणाने नेमक्या त्याच पद्धतीचे पेटंट एप्रिलमध्येच मागितले होते. एरूही १८६३ चाच. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात अर्ज आधी कुणाचा, यापेक्षा शोध आधी कुणाचा याला महत्त्व होते. म्हणजे फेब्रुवारीतला तो दिवस सिद्ध करणे आले. खोपटातल्या प्रयोगाला पुरावा कसला? तो घरातूनच मिळाला. भावाला पाठवलेली तारखेनिशी पत्रे होती, जूएट सर होते आणि जूलिया होती. तिने प्रयोगांची हकिकत क्रमवार लिहून दिली. १८८९ साली पेटंट हॉलला मिळाले.

मी आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे तपासली. कर्जदाराचे नाव ठळक अक्षरात असते, जामीनदाराची सही खाली. नफ्यात त्याचा वाटा नसतो, पण ती सही नसेल तर कर्ज मंजूर होत नाही. जूलियाचे निवेदन मला तसे वाटते.

पुढची वाटही सरळ नव्हती. एका कंपनीत वर्षभर राहूनही तिथे त्याच्या पद्धतीची कदर झाली नाही. अखेर पिट्सबर्गच्या आल्फ्रेड हंट यांनी मित्रांसह वीस हजार डॉलर उभे केले आणि १८८८ साली कारखाना सुरू झाला. १८९५ मध्ये नायगाराच्या धबधब्यावरची वीज मिळाली, धातू आणखी स्वस्त झाला. विजेतून जन्मलेले ॲल्युमिनियम मग वीज वाहून नेऊ लागले. तांब्याइतकीच वीज नेणारी ॲल्युमिनियमची तार वजनाला जवळपास निम्मी भरते. पण ती नाजूक, लांब अंतरावर ओघळणारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हॉलच्याच कंपनीतले अभियंते विल्यम हूप्स यांनी तिच्या पोटात पोलाद घातले आणि दऱ्या, नद्या ओलांडणे सोपे झाले.

१९११ साली हॉलला पर्किन पदक मिळाले, त्या समारंभाला एरू मुद्दाम आला होता. १९१४ च्या मे महिन्यात एरू गेला आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला हॉल. दोघेही एक्कावन्न वर्षांचे. हॉलने लग्न केले नव्हते. संपत्तीचा तिसरा हिस्सा त्याने ओबर्लिन कॉलेजला आणि तेवढाच आशिया व बाल्कन देशांतल्या शिक्षणाला ठेवला.

तारेची गोष्ट तिथे संपली नाही. नेहमीची तार फार तापली की ॲल्युमिनियमची ताकद जाते, म्हणून तिच्यातून वीज बेतानेच सोडावी लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेत वेगळी तार निघाली. तिच्यातले ॲल्युमिनियम कारखान्यातच तापवून अगदी मऊ केलेले असते, आणि जवळजवळ सगळा भार सरळ पोलादावर टाकलेला असतो. ताकद गमावण्याची भीतीच उरली नाही, त्यामुळे ही तार दोनशे अंशांच्या पुढे तापली तरी चालते आणि त्याच मनोऱ्यांवरून बरीच जास्त वीज जाते. वर्षानुवर्षे जो निमूटपणे पेलत होता, त्याच्यावर अखेर पूर्ण विश्वास टाकला, एवढाच त्या युक्तीचा अर्थ.

ओबर्लिनच्या कॉलेजात हॉलचा ॲल्युमिनियमचा पुतळा आहे. तो असायलाच हवा. पण आता घाटातल्या त्या तारांकडे पाहताना चकाकणाऱ्या पदरांच्या आत काय आहे, तेही मला आठवते. आपल्या घरात असे पोलाद कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असते. सांगायचे मात्र राहून जाते.