शब्दांचे कोठार उभारणारा वैद्य

इंग्रजीत अर्ज वा टिपण लिहिणाऱ्याला कधी शब्द सुचत नाही, तर कधी जवळपास एकाच अर्थाचे चार शब्द पुढे उभे राहतात. या अडचणीवर ज्याने चिरस्थायी उपाय दिला, तो पीटर मार्क रोजे पेशाने वैद्य होता.

रोजेचा जन्म लंडनमध्ये १७७९ साली झाला. वडील जिनीव्हाहून आलेले धर्मोपदेशक; मुलगा चार वर्षांचा असतानाच ते क्षयाने वारले. एकोणिसाव्या वर्षी एडिंबरा येथे वैद्यकाची पदवी घेऊन रोजे पुढे मँचेस्टरच्या रुग्णालयात रुजू झाला. तेथे १८०५ साली त्याने स्वतःच्या लेखनाच्या सोयीसाठी अर्थानुसार लावलेली शब्दांची एक वही तयार केली. नंतरच्या काळात त्याने घातांकांची गणिते सोडविणारी सरकपट्टी शोधली आणि १८२७ ते १८४८ अशी एकवीस वर्षे रॉयल सोसायटीचे चिटणीसपद सांभाळले. १८१८ साली मामा सर सॅम्युएल रोमिली यांनी आत्महत्या केली. १८३३ साली पत्नी निवर्तली. वही मात्र त्याच्यापाशी राहिली. सत्तरी उलटल्यावर तिचाच विस्तार करून त्याने १८५२ साली 'थिसॉरस' प्रसिद्ध केला.

या ग्रंथात शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नाहीत. सहा वर्ग व त्यांखालील हजार सदरे यांत ते कल्पनांच्या नात्याने बसविलेले आहेत. अशा रचनेचा सर्वांत जुना ज्ञात नमुना म्हणून रोजेने प्रस्तावनेत आपल्या अमरकोशाचा उल्लेख केला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

रोजेने शब्दांचे अर्थ मात्र दिले नाहीत. निवड त्याने वाचकाच्या विवेकावर सोपविली, आणि खरी जोखीम तेथेच आहे. 'नीड', 'वॉन्ट' आणि 'डिमांड' हे शब्द शेजारी बसणारे खरे; पण अर्जात 'रिक्वेस्ट'च्या जागी 'डिमांड' पडला की विनंतीची तंबी होते. अर्थशास्त्रात तर ऐपतीचे पाठबळ असल्याखेरीज इच्छेला 'डिमांड' म्हणतच नाहीत. धान्याची 'डिमांड' घटली, एवढ्यावरून धान्याची 'नीड' घटली असे जो लिहील, तो रिकाम्या खिशाच्या भुकेल्याला हिशेबातूनच वगळील.

१८६९ साली, नव्वदाव्या वर्षी, रोजे वारला. पुढे मुलाने व नातवाने कोशाचे संपादन चालविले. भारदस्त शब्द हुडकण्यासाठी तो उघडणारे पुष्कळ असतात. नेमका शब्द निवडण्यासाठी जो उघडतो, त्यालाच त्या वैद्याच्या श्रमांचे फळ मिळते.