तू कोणाची? अमृता शेरगिल यांची कहाणी

आई एका मुलखाची आणि वडील दुसऱ्या मुलखाचे असले की त्यांच्या मुलांना लोक सर्रास विचारतात, तू कोणाची? आणि आई-वडिलांचं आपसात पटत नसेल तर हाच सवाल घरातही रोज उभा राहतो. चित्रकार अमृता शेरगिल यांनी हा सवाल आयुष्यभर सोसला. त्यांची कहाणी आपल्या घरांतल्या मुलींनी आणि त्यांच्या पालकांनीही वाचावी असं आम्हाला वाटतं.

वडील उमरावसिंग पंजाबच्या मजिठिया शीख घराण्यातले. संस्कृत आणि फारसीचे जाणकार, फोटोग्राफीचे शौकीन, अल्लामा इक्बाल यांचे दोस्त. एकांत आवडणारा माणूस. आई मारी आंत्वानेत हंगेरीची. गाणं, पियानो, पाहुण्यांची वर्दळ, यातच तिचा जीव रमायचा. १९१२ साली लाहोरात दोघांचं लग्न झालं आणि ३० जानेवारी १९१३ ला बुडापेस्टमध्ये अमृताचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धामुळे कुटुंब हंगेरीतच अडकलं. १९२१ मध्ये सगळे सिमल्याला आले, तेव्हा ती आठ वर्षांची होती.

नवरा-बायकोचे स्वभाव कधी जुळलेच नाहीत. १९२४ मध्ये एका इटालियन शिल्पकाराच्या ओढीने आई मुलीला घेऊन फ्लॉरेन्सला गेली आणि काही महिन्यांनी परतली. अमृता या ताणातच वाढली. तिच्या हातात मात्र लहानपणापासून रंग होते.

१९२९ मध्ये ती पॅरिसला शिकायला गेली. तिथे नाव झालं, बक्षिसं मिळाली. पण ती तिथे हिंदुस्थानी आणि इथे विलायती! स्वतःचीच चित्रं तिने पुन्हा पुन्हा काढली, जणू आरशात कोण दिसतंय ते शोधत होती. १९३४ मध्ये तिने परत यायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनाच ते पसंत नव्हतं. तरी ती आलीच.

पुढे मुंबईत कार्ल खंडालावाला यांनी तिला मुघल आणि पहाडी लघुचित्रं दाखवली. आपल्या महाराष्ट्रातली अजिंठ्याची लेणी पाहून तर ती भारावली. पॅरिसची तालीम आणि इथली माती, दोन्ही तिच्या चित्रांत एकत्र नांदू लागली. गरीब खेडूत आणि गप्प बसलेल्या बायका तिने मोठ्या मायेने रंगवल्या. १९३७ मध्ये तीन मुलींच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

घरचा ताण मात्र सुटला नाही. १९३८ मध्ये तिने हंगेरीत मामेकुळातल्या व्हिक्टर इगन या डॉक्टरशी लग्न केलं, ते आईला रुचलं नाही. याच सुमारास घरच्यांनी तिची जपून ठेवलेली पत्रं वाचली आणि जाळून टाकली. तिला फार लागलं, आणि तिने वडिलांना तसं लिहून कळवलंही. ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरात ती वारली. वय अवघं २८. पुढे १९४८ मध्ये आईने स्वतःचा जीव घेतला.

आज अमृताची चित्रं राष्ट्रीय ठेवा मानली जातात. आम्हाला मात्र त्या जळालेल्या पत्रांची हळहळ जास्त वाटते. मोठ्यांची भांडणं होतात, संसार आहे. पण तू आईची की बापाची, असं मुलीला निवडायला लावू नये. ती दोघांची असते, आणि त्याहून जास्त स्वतःची. तिची वही, तिची पत्रं, तिचे रंग यांना हात लावण्याआधी आपण सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.